१९६९ला सगळं जग चंद्राकडे बघत होतं म्हणतात, मग आता कुणाला काहीच का वाटत नाही?

प्रश्न विचारणारे सर सातवी-आठवीला विज्ञान शिकवतात. २० जुलैला शाळेत चांद्रदिनाचा तासाभराचा कार्यक्रम ठेवायचाय, मागच्या वर्षी अपोलो ११ची, म्हणजे माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला त्या मोहिमेची पीपीटी दाखवली तर मुलं जांभया देत होती, नासाच्या परत माणसं चंद्रावर न्यायच्या आर्टेमिस कार्यक्रमाबद्दल सांगितलं तर एकाने विचारलं "सर, परत कशाला जायचं?", आणि स्टाफरूममध्येही कुणाला काही पडलेलं नव्हतं. तेव्हा लोकांचा चंद्रावरचा इंटरेस्ट संपलाय का, आणि या विषयावर कार्यक्रम करावा की सोडून द्यावा, असं त्यांनी विचारलंय.

सर, मी आकाशदर्शनाचे आणि स्लाइड शोचे कार्यक्रम बरीच वर्षं करतोय, शाळा, कॉलेज, गणेश मंडळं, सोसायटीच्या गच्च्या, जिथे बोलावतील तिथे, आणि हा प्रश्न मला दर दोन-चार कार्यक्रमांना कुणीतरी विचारतंच. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगतो.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. एखादी गोष्ट बघायला गर्दी करणं वेगळं, तिच्यावर आपल्या टॅक्सचे पैसे खर्च व्हावेत असं वाटणं वेगळं, आणि त्यातलं काही समजून घ्यावंसं वाटणं आणखी वेगळं. १९६९ला पहिली गोष्ट प्रचंड होती यात वाद नाही. दुसरी तेव्हाही जेमतेमच होती. आणि तिसरी तेव्हा किती होती आणि आज किती आहे हे बऱ्याच प्रमाणात समोर सांगणारा कसं सांगतो त्यावर ठरतं, म्हणजे तुमच्या-माझ्यावर. त्यामुळे "लोक कोरडे झालेत" या निष्कर्षावर लगेच येऊ नका.

आधी ते "अख्खं जग टीव्हीला चिकटलं होतं" बघू. अंदाज असा सांगतात की ६० ते ६५ कोटी लोकांनी ते पाहिलं. आकडा अफाटच आहे, पण तेव्हा जगाची लोकसंख्या साधारण ३६० कोटी होती, म्हणजे सहातल्या पाचांनी पाहिलं नाही. आपल्याकडचं तर विचारूच नका. तेव्हा भारतात टीव्ही फक्त दिल्लीत, मुंबईला दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ला. तरी माझ्या कार्यक्रमात एखादे आजोबा हमखास उठून सांगतात की आम्ही आर्मस्ट्राँगला टीव्हीवर उतरताना पाहिलंय. खोटं बोलत नसतात हो, नंतर थेटरात न्यूजरीलमध्ये किंवा पुढे कधीतरी टीव्हीवर पाहिलेलं असतं आणि आठवणीत ते त्या दिवशीचंच होऊन बसतं. खरं तर यान उतरलं ते आपल्या घड्याळाने २१ जुलैच्या पहाटे पावणेदोनच्या सुमारास, आणि आर्मस्ट्राँगचा पाय चंद्रावर पडला तो सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी, सोमवारी. म्हणजे महाराष्ट्रात माणसं डबे भरून कामाला निघाली होती आणि कुठेतरी रेडिओ चालू होता. त्यात दोनच दिवस आधी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण जाहीर झालेलं, पेपरवाल्यांना एकदम दोन मोठ्या बातम्या. ऑक्टोबरमध्ये ते तिघे, आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स, जगाच्या दौऱ्यात मुंबईलाही येऊन गेले, ते मात्र इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

आता अमेरिकेतलं. इथे मला वाटतं सगळ्यात जास्त गैरसमज आहे. साठच्या दशकात तिकडे वेगवेगळ्या वेळी पोल झाले की चंद्रावर जायला हा खर्च करणं योग्य आहे का, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी निम्म्याहून कमी लोक हो म्हणाले. अपवाद काय तो अपोलो ११च्या आसपासचा, तेव्हाही निम्म्याच्या जरासं वर, बस्स. उड्डाणाच्या आदल्या दिवशी राल्फ अ‍ॅबरनाथी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यानंतर त्यांची चळवळ चालवणारे, गरीब कुटुंबं आणि खेचरांच्या गाड्या घेऊन, यान जिथून उडणार होतं त्या केप केनेडीला निदर्शनं करायला आले होते, की इथे पोरांना खायला नाही आणि तुम्ही चंद्रावर निघालात. नासाचे प्रमुख थॉमस पेन स्वतः बाहेर येऊन त्यांना भेटले आणि म्हणाले की उड्डाणाचं बटण न दाबल्याने तुमचे प्रश्न सुटणार असते तर आम्ही ते दाबलं नसतं. तुमच्या वर्गातल्या मुलाचा "परत कशाला जायचं" हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा जायच्या आधीच विचारून झालेला होता, हे त्याला जरूर सांगा, त्याला बरं वाटेल.

आणि ज्याने हे सगळं सुरू केलं त्या केनेडींचं काय? नोव्हेंबर १९६२मधल्या एका मीटिंगचं टेप रेकॉर्डिंग आहे, त्यात ते नासाचे तेव्हाचे प्रमुख जेम्स वेब यांना सांगतायत की मला अंतराळात एवढा काही रस नाही, आपल्याला रशियाच्या आधी पोचायचंय म्हणून हा पैसा. वेब बिचारे विज्ञानाचं सांगत होते. आता राष्ट्राध्यक्षालाच रस नव्हता म्हटल्यावर मतदारांकडून काय अपेक्षा करायची.

नासाचं बजेट अमेरिकी सरकारच्या खर्चाच्या साधारण ४.४ टक्क्यांपर्यंत गेलं होतं ते १९६६ला. तिथून उतरती कळा. म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या तीन वर्षं आधीच हात आखडता घ्यायला सुरुवात झाली होती, आणि आपण मात्र समजतो की लोक कंटाळले म्हणून कार्यक्रम बंद पडला. अपोलो २० रद्द झालं जानेवारी १९७०मध्ये, पहिल्या लँडिंगला सहा महिनेही झाले नव्हते आणि अपोलो १३चा अपघात व्हायचाच होता. सप्टेंबरला आणखी दोन मोहिमा कापल्या. लोकांचा कंटाळा हे कारण होतंच, पण तो एकटा दोषी नाही. रशियाला हरवायचं होतं, हरवलं, त्यात व्हिएतनामचा खर्च, मग राजकारण्यांना पुढे चालवायचं कारणच उरलं नाही.

कंटाळा कसा आला तेही बघण्यासारखं आहे, कारण तुमच्या पीपीटीचं उत्तर मला तिथेच दिसतं. नव्याचे नऊ दिवस म्हणतो तसं इथे अक्षरशः झालं. नोव्हेंबर १९६९ला अपोलो १२ गेलं, या वेळी रंगीत कॅमेरा होता, आणि अ‍ॅलन बीन तो स्टँडवर लावायला नेताना त्याचं तोंड सूर्याकडे गेलं, आतली ट्यूब जळली आणि चंद्रावरून दिसणारं चित्र संपलं. पुढे टीव्हीवाल्यांनी नुसता आवाज आणि स्टुडिओतली नक्कल दाखवून वेळ मारून नेली. बघणार कोण? मग एप्रिल १९७०, अपोलो १३. लोव्हेल, स्वायगर्ट आणि हेज यांनी यानातून अर्ध्या तासाचा टीव्ही शो केला आणि एकाही मोठ्या नेटवर्कने तो लाइव्ह दाखवला नाही. लोव्हेल यांच्या बायकोला नवऱ्याला बघायला ह्यूस्टनच्या कंट्रोल सेंटरमध्ये जाऊन बसावं लागलं. तो शो संपला आणि दहा मिनिटांच्या आत ऑक्सिजनची टाकी फुटली. त्यानंतर ते परत येईपर्यंत चार दिवस जग झोपलं नाही.

माणसं तीच, यान तेच, चंद्र तोच, बदललं एवढंच की पुढे काय होणार हे आता कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या अनुभवात लोकांचा इंटरेस्ट इथे असतो. चंद्र, रॉकेट, दगड हे त्यानंतर. तुमच्या पीपीटीत पहिल्याच स्लाइडला आर्मस्ट्राँगचा फोटो असेल, तारीख असेल, उतरला म्हणून लिहिलेलं असेल, मग मुलांनी पुढचा पाऊण तास कशासाठी बघायचं?

याचा आपल्याकडचा पुरावा म्हणजे २३ ऑगस्ट २०२३. चांद्रयान-३मध्ये माणूस नव्हता, एक अंगठ्याएवढाही माणूस नव्हता, तरी इस्रोच्या यूट्यूबवर एका वेळी ८० लाखांहून जास्त लोक बघत होते, शाळांनी पोरांना संध्याकाळी थांबवून घेतलं होतं. बघायला काय होतं? एक आलेख आणि त्यावर सरकणारा ठिपका, आणि आकडे. पण २०१९ला चांद्रयान-२ उतरताना तोच ठिपका ठरलेल्या रेषेवरून ढळताना सगळ्यांनी पाहिला होता, इस्रोचे तेव्हाचे प्रमुख सिवन सरांचा चेहरा पाहिला होता, आणि चारच दिवस आधी रशियाचं लुना-२५ आपटलं होतं. ६ वाजून ४ मिनिटांनी ते उतरलं तेव्हा आमच्या सोसायटीत ज्यांनी आयुष्यात दुर्बिणीला डोळा लावला नाही ते फटाके उडवत होते. तेव्हा "माणूस गेला तरच लोक बघतात" हेही खरं नाही. आपलं असणं, अर्धवट राहिलेली गोष्ट असणं, आणि निकाल माहीत नसणं, यातलं काहीतरी लागतं. राकेश शर्मा १९८४ला गेले, शुभांशु शुक्ला जून २०२५ला स्पेस स्टेशनवर गेले, ते काही चंद्रावर गेले नव्हते, पण मुलं आजही त्यांच्याबद्दल विचारतात, आणि पहिला प्रश्न कायम एकच, तिथे शू कशी करतात. हसू नका, त्याचं नीट उत्तर द्या, पुढचा अर्धा तास मुलं तुमची.

मग आज आर्टेमिसबद्दल लोकांना काय वाटतं? लोकांची मतं अजमावणाऱ्या प्यू रिसर्च सेंटरने २०२३ला अमेरिकेत विचारलं होतं की नासाने सर्वात जास्त प्राधान्य कशाला द्यावं. पृथ्वीवर आदळू शकणाऱ्या लघुग्रहांवर लक्ष ठेवा म्हणणारे ६० टक्के, चंद्रावर माणसं पाठवा म्हणणारे १२ टक्के, मंगळावर ११ टक्के. त्याच सर्व्हेत ६९ टक्के लोक म्हणाले की अंतराळात अमेरिका पुढे असलीच पाहिजे. म्हणजे पहिला नंबर हवा, पण त्यासाठी माणसं चंद्रावर पाठवणं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे असं मोजक्यांनाच वाटतं. मला हे साठच्या दशकापेक्षा फार वेगळं वाटत नाही. वेगळं आहे ते हे की १९८९ला एका राष्ट्राध्यक्षाने परत जायची घोषणा केली, २००४ला दुसऱ्याने केली, २०१०ला ती योजना गुंडाळली, आणि एवढ्या घोषणा ऐकल्यावर कुणीही म्हणेल की जाल तेव्हा सांगा. त्यात आर्टेमिस-१ नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ला माणसांशिवाय जाऊन आलं आणि आर्टेमिस-२ ही रीड वाइझमन, व्हिक्टर ग्लोव्हर, क्रिस्टिना कोक आणि जेरेमी हॅन्सन या चौघांना घेऊन चंद्राला वळसा घालून यायची मोहीम, उतरायची नाहीच. जाणकाराला ते थरारक वाटतं, सामान्य माणूस म्हणतो हे तर १९६८ला अपोलो ८ने केलं होतं. त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

आता तुमच्या कार्यक्रमाचं. करा, नक्की करा, पण इतिहास सांगायला जाऊ नका. तुमची शाळा कुठे आहे, मुलांचं इंग्रजी कसं आहे, प्रोजेक्टर आहे का, यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून मी काय करतो तेवढं सांगतो.

मी अपोलो ११च्या उतरण्याचा फक्त आवाज ऐकवतो, शेवटची सात-आठ मिनिटं, नासाचं रेकॉर्डिंग फुकट मिळतं. उतरतानाचं लाइव्ह चित्र तेव्हाही कुणाला दिसत नव्हतं, जगाने ते कानांनीच ऐकलं, त्यामुळे मुलंही तिथेच बसतात जिथे तेव्हाची माणसं बसली होती. सुरुवातीलाच १२०२ नावाचा अलार्म येतो. तिथे मी पॉज करतो. मुलांना सांगतो की अर्थ काय हे यानातल्या दोघांनाही माहीत नाही, कंट्रोल रूममध्ये स्टीव्ह बेल्स नावाचा २६ वर्षांचा मुलगा आहे, त्याला काही सेकंदांत सांगायचंय की उतरा की परत फिरा, आता हात वर करा. वर्ग दोन गटांत फुटतो, भांडणं होतात. मग सांगतो की कॉम्प्युटरवर कामाचा लोड जास्त झाला होता आणि तो कमी महत्त्वाची कामं सोडून देऊन महत्त्वाची करत राहिला, तो बिघडला नव्हता, बेल्सने हो म्हटलं. पुढे उंचीचे आकडे येतात ते एकेक मुलाला फळ्यावर लिहायला लावतो, आकडे फुटांत आहेत, मीटर करून घ्या म्हटलं की गणितही होतं. मग साठ सेकंद, तीस सेकंद असा इंधनाचा इशारा येतो, आणि आर्मस्ट्राँग अजून दगडगोट्यांचा खड्डा ओलांडून सपाट जागा शोधतोय. निकाल पाठ असलेली मुलं तेव्हा श्वास रोखून बसलेली मी पाहिलीयत.

दुसरं, पहिल्या मोहिमेतच अडकू नका. खरी गंमत अपोलो १५पासून आहे, नेमकी लोकांनी बघायची सोडली तिथून. त्या मोहिमेपासून रोव्हर, म्हणजे चंद्रावर चालवायची गाडी होती आणि त्यावर ह्यूस्टनहून फिरवता येणारा कॅमेरा. डेव्हिड स्कॉटने हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं आणि दोन्ही एकदम पडले, तो व्हिडिओ दाखवा, गॅलिलिओचा धडा त्यातच आला. याच स्कॉटला परतताना रस्त्यात एक छान दगड दिसला, पण ह्यूस्टनने थांबायला वेळ नाही म्हणून सांगितलेलं, तर त्याने सीटबेल्ट नीट करतो म्हणून गाडी थांबवली आणि दगड उचलला, तोपर्यंत त्याचा साथीदार आयर्विन रेडिओवर आजूबाजूच्या खड्ड्यांचं वर्णन करत बसला. शाळेतल्या मुलांना ही गोष्ट सगळ्यात जास्त कळते.

आणि कॅमेऱ्याची आणखी एक गोष्ट. यान चंद्रावरून परत उडताना कॅमेऱ्याने वर वर जात त्याचा पाठलाग करायचा होता. ह्यूस्टनमध्ये तो कॅमेरा चालवायचे एड फेंडेल. सिग्नल चंद्रापर्यंत जायलाच सव्वा सेकंदाच्या वर लागतो आणि चित्र परत यायला तेवढाच, त्यामुळे बघून बटण दाबलं तर यान गेलेलं असणार. अपोलो १५ला कॅमेरा वर करायची यंत्रणाच चालली नाही, १६ला रोव्हर फार जवळ उभा होता म्हणून यान फ्रेमबाहेर गेलं. डिसेंबर १९७२ला, शेवटच्या अपोलो १७ला, फेंडेल यांनी चित्राकडे न बघता नुसत्या घड्याळावर, आधीपासून ठरवून बटणं दाबली आणि यान अगदी मधोमध राहून वर गेलं. तो तीस सेकंदांचा तुकडा मी दोनदा दाखवतो, एकदा नुसता आणि एकदा हे सांगून.

आता "परत कशाला जायचं". हा प्रश्न टाळू नका आणि मंगळावर जायची पायरी वगैरे छापील उत्तरं देऊ नका, मुलांना लगेच कळतं. माझं मत विचाराल तर आजही बरंचसं राजकारण आहे, चीनने २०३०पर्यंत माणूस उतरवायचं ठरवलंय, भारताने २०४०चं लक्ष्य ठेवलंय, आणि विज्ञान त्याच गाडीत बसून जातं. दक्षिण ध्रुवाच्या बाजूला बर्फ आहे, चंद्रावर पाण्याचे पुरावे मिळण्यात आपल्या चांद्रयान-१चा मोठा वाटा आहे, हे सांगाच. पण माणूस की रोबो यावर मी निकाल देत नाही, आकडे देतो. अपोलो १७ला सर्नन आणि श्मिट यांनी तीन दिवसांत रोव्हरने साधारण ३५ किलोमीटर पालथे घातले, श्मिट स्वतः भूगर्भशास्त्रज्ञ, चालता चालता त्याला नारिंगी माती दिसली आणि ती जुन्या ज्वालामुखीची काच निघाली. चांद्रयान-३मधला आपला रोव्हर प्रज्ञान साधारण १०० मीटर चालला. पण अख्खं चांद्रयान-३ सहाशे-साडेसहाशे कोटी रुपयांत झालं आणि अपोलोला तेव्हाचे सुमारे २५ अब्ज डॉलर लागले. द्या वर्गाला सोडून, वीस मिनिटं वाद घालू द्या. ज्याने "कशाला जायचं" विचारलं त्यालाच रोबोंच्या बाजूचा कॅप्टन करा.

"खरंच गेले होते का, झेंडा कसा हलला" हे कुणीतरी काढणारच, बहुतेक मागे उभे असलेले एखादे पालक. त्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. झेंड्याच्या वरच्या बाजूला आडवी दांडी होती, आणि अपोलो ११ची उतरलेली जागा नासाच्या यानाने टिपलीय तशी आपल्या चांद्रयान-२च्या कॅमेऱ्यानेही टिपलीय, एवढं सांगून पुढे चला.

दोन बारीक गोष्टी. ते रेकॉर्डिंग जुनं आणि खरखरीत आहे, हॉलचा स्पीकर आदल्या दिवशी लावून बघा, पंखे चालू असतील तर मागच्या मुलांना एक अक्षर कळत नाही, म्हणून मी संवाद मराठीत लिहून झेरॉक्स वाटतो. आणि २० जुलैला दुर्बिणीतून चंद्र दाखवतो असं कबूल करू नका, ऐन पावसाळा आहे, ढगच दिसतील. तो कार्यक्रम दिवाळीनंतर शुद्ध अष्टमीच्या आसपास ठेवा, पौर्णिमेला नको, तेव्हा सावल्या नसतात आणि खड्डे सपाट दिसतात. अष्टमीला अपोलो ११ उतरलं तो शांतीसागर नावाचा सपाट भाग उजेडात असतो, तो दाखवता येतो. झेंडा दिसतो का म्हणून मुलं विचारतील, पृथ्वीवरच्या कुठल्याच दुर्बिणीतून तो दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे रांगेतली पोरं हिरमुसणार नाहीत.